बहात्तरचा दुष्काळ आणि लाल अंगठा

त्या मंगळवारी बिरोबाच्या देवळापुढं एवढी गर्दी होती, की पाण्याचा टँकर आल्याचं कुणाला कळलं नाही. जत तालुक्याचा पूर्व भाग ज्यांना ठाऊक आहे त्यांना एवढं सांगितलं तरी पुरे. आमच्याकडं टँकर आला की माणूस ताटावरून उठतो, भांडण अर्धं सोडतो आणि घागर घेऊन पळतो. त्या दिवशी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून हात दुखवून घेतला आणि शेवटी तोच खाली उतरून गर्दीत येऊन उभा राहिला.

गावाचं नाव सांगत नाही. आमचे सरपंच लालासाहेब म्हणाले, "सिस्टर, काय लिवायचं ते लिवा, पर नाव तेवढं घालू नका. आधीच लोक हसत्यात." मी मेहरुनबी, इथल्या आरोग्य उपकेंद्राची नर्स. एकोणीस वर्षं याच गावात आहे. गावातली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली आणि उरलेल्या निम्म्यांना मी सुया टोचल्यात, त्यामुळं मला बघून रडणारी आणि हसणारी माणसं साधारण सारखीच आहेत.

गर्दी जमली होती बीजाचार्य नाथाजी यांना बघायला. अंगात डॉक्टरचा पांढरा कोट, खाली भगवं धोतर. म्हणजे वरून डॉक्टर, खालून महाराज. ज्याला जे पाहिजे त्यानं तिथं बघावं. टेबलावर एक सूक्ष्मदर्शक होता. त्यातून त्यांनी कधी बघितलं नाही आणि कुणाला बघूही दिलं नाही. मागं पिळाच्या शिडीचं, म्हणजे डीएनएचं, मोठं चित्र लावलेलं होतं, त्याला हार घातला होता.

"बंधू-भगिनींनो," नाथाजी माइकवर म्हणाले, "तुमच्या आजोबांनी जे खाल्लं ते तुम्ही आज भोगताय. आणि त्यांना जे मिळालं नाही, तेही भोगताय. याला एपिजेनेटिक्स म्हणतात. परदेशी लोकांना हे परवा कळलं. आपला तर हा शब्दच मूळचा. अपि म्हणजे सुद्धा, जन म्हणजे जन्म. तुमच्या जन्मात मागच्यांचासुद्धा जन्म आहे."

"व्हय, व्हय," मागून कुणीतरी म्हणालं. ते कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही.

मग चमत्कार सुरू झाला. नाथाजींच्या पुढ्यात पिवळ्याधमक कागदांची चळत होती. त्याला ते सुवर्णपत्र म्हणायचे. एक कागद घ्यायचा, त्यावर बाटलीतून गंगाजल फवारायचं आणि माणसाला उजवा अंगठा दाबायला सांगायचं. अंगठा उचलला की कागदावर लालभडक ठसा. रक्त सांडल्यासारखा. बायका तोंडाला पदर लावायच्या.

सिद्धूआप्पांची पाळी आली. आप्पा म्हणजे गावातले जुने मेंढपाळ. अंगानं काटकुळे, तरी दहा वर्षांपासून साखरेचा आजार. त्यांनी कमरेची चुन्याची डबी आत खोचली, तोंडातली तंबाखू दाढेखाली सरकवली आणि अंगठा टेकवला. लाल.

"जन्मसाल?" नाथाजींनी विचारलं.

"साल कुणाला ठावं. म्हातारी म्हणायची, बहात्तरच्या दुष्काळात पोटात हुतो. ती रस्त्याच्या कामावं खडी फोडायची."

"बहात्तर!" नाथाजींनी डोळे मिटले. "आईनं काय खाल्लं?"

"मिळंल ते. रेशनचा लाल मिलो. कामावरची सुकडी. कवा कवा पाणीच."

"तोच दुष्काळ हा इथं बसलाय." त्यांनी ठशावर बोट ठेवलं. "आजोबांच्या बीजात शिरला, मुलात उतरला. म्हणून नातवंड टिकत नाही."

मीसुद्धा क्षणभर चपापले, कारण ते खरं होतं. आप्पांचा मुलगा धनाजी आणि सून माया यांचं पहिलं बाळ दीड किलोचं जन्मलं होतं. सांगलीच्या दवाखान्यात सात दिवस काचेच्या पेटीत राहिलं आणि गेलं. आता मायाला पुन्हा दिवस गेले होते, चौथा महिना होता. पण गावात कुणाचं बाळ गेलं हे पानाच्या टपरीवर चौकशी केली तरी कळतं, त्याला बीजाचार्य कशाला लागतात.

धनाजीनं तळहातावरची मळलेली तंबाखू तोंडात टाकली, हात झटकला, अंगठा दाबला. लाल. माया भांडी घासून तशीच आली होती, पदराला हात पुसत पुढं झाली. तिचाही लाल, जरा फिक्कट. आप्पांची बायको हरणाक्का मटकन खालीच बसली.

मी बडबड करणार हे नाथाजींनी ओळखलं असावं, कारण त्यांनी मलाच पुढं बोलावलं. "या सिस्टर, तुमचीही परीक्षा करू." सकाळपासून लसीकरण चाललं होतं, माझ्या हाताला नुसता स्पिरिटचा वास. अंगठा टेकवला. कागद पिवळाच राहिला.

"पाहा," नाथाजी जराही न अडखळता म्हणाले, "सेवेनं बीज शुद्ध होतं."

एकोणीस वर्षांत माझी पगारवाढ वेळेवर झाली नाही, पण बीज मात्र शुद्ध झालं होतं.

उपाय एकच होता, एक्केचाळीस दिवसांची बीजशुद्धी. तंबाखू बंद, पान बंद. दिवसाला एक पेला शेळीचं दूध आणि चमचाभर चूर्ण. चूर्णाच्या एका पुडक्याला एका कोकराचं मोल पडायचं. भाकरी नाही, डाळ नाही, अंडं-मटण तर नाहीच. "दुष्काळाचं अन्न बीजानं धरून ठेवलंय. बीज उपाशी ठेवा, म्हणजे ते सोडून देईल." आणि माझ्याकडं बघून, "सरकारी लोहाच्या गोळ्याही बंद. लोखंडानं बीज गंजतं."

पुरावा म्हणून त्यांनी ज्योतिबाला उभं केलं. ज्योतिबा गावात पाणी सोडायचं काम करतो. कुठल्या आळीचा व्हॉल्व कधी फिरवायचा हे त्याच्या मर्जीवर असतं, त्यामुळं त्याच्या शब्दाला आमदारापेक्षा वजन आहे. शेजारच्या गावात जाऊन तो आधीच शुद्ध होऊन आला होता. "पयला माझा अंगठा आप्पांवानी लाल हुता. आता बघा." तांब्याच्या घंगाळातल्या पंचतीर्थात हात बुडवून त्यानं अंगठा दाबला. पिवळा. टाळ्या पडल्या. ज्योतिबा घंगाळातलं घोटभर तीर्थ प्याला आणि त्यानं तोंड वाकडं केलं.

आठवडाभरात गावातल्या चाळीस घरांनी चूर्ण घेतलं. पुरुषांचं काही अडलं नाही. ते घरी दूध पिऊन जतला जायचे आणि स्टँडवर मिसळ खाऊन यायचे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे अन् खायचे वेगळे, तशातला प्रकार. पण बायकांना स्टँड कुठला? त्या खरोखर उपाशी राहिल्या. आणि त्यात माया.

पहिल्याच आठवड्यात मी आप्पांच्या वस्तीवर गेले. हरणाक्कांनी मला दारातच थांबवलं. "बाई, तुमी वाईट वाटून घेऊ नका. मागल्या येळंला तुमच्याच गोळ्या खाल्ल्या हुत्या की. काय झालं?"

मागच्या वेळी माया सहावा महिना उलटेपर्यंत आटपाडीकडं ऊसतोडीच्या टोळीबरोबर होती, दोन घास खाऊन मोळ्या उचलत होती, आणि गोळ्यांचं पाकीट तिच्या पेटीत तसंच पडलेलं मी स्वतः बघितलं होतं. पण लेकरू गेलेल्या घरात असा हिशेब मांडता येत नाही. मी परत आले. प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरांनी धनाजीला फोनवर झापलं. त्यानं "व्हय सायेब" म्हणून फोन ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्या आठवड्यात माया तपासणीला आली. पाचव्या महिन्यात वजन वाढायला पाहिजे. तिचं दोन किलोनं उतरलं होतं. चव्वेचाळीसवरून बेचाळीस. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, आठ. खालची पापणी ओढून बघितली तर कागदासारखी पांढरी.

"माये, घरात कुणाला सांगू नकोस. रोज इथं येऊन जेव. माझा डबा आहे."

ती खाली बघत म्हणाली, "सिस्टर, भूक लय लागती. रातीला सपनात भाकरी दिसती. पर मागलं आठवलं की घास तोंडात जात न्हाई. माझ्या खाण्यानं ह्येला काय झालं तर?"

मला भयंकर राग आला. तिचा नाही. त्या कोटाचा आणि त्या धोतराचा.

तिला सोडायला मी वस्तीवर गेले. यंदा सुनेच्या बाळंतपणासाठी आप्पांनी मेंढरं लांब चारायला नेली नव्हती. आप्पा अंगणात आपल्या एडक्याला, म्हणजे कळपातल्या मोठ्या नराला, भिजवलेला मका चारत होते. शेजारी बाभळीच्या शेंगांचं पोतं.

"आप्पा, दुष्काळात एवढा थाट?"

"एडका मेंढ्यांत सोडायला म्हयना राह्यलाय. आत्ता चारला न्हाई तर कोकरं किरकिरी निपजत्यात. मेंढीलाबी फळायच्या आदी म्हयनाभर शेंगा घालायच्या. आन् गाभण झाली की तर हात आखडायचाच न्हाई. माज्या बापानं शिकवलं, त्येला त्येच्या बापानं."

"आणि गाभण मेंढीला लंघन घातलं तर?"

"येडी का काय सिस्टर," आप्पा हसले, "कोकरू मरंल की."

मग ते हसायचे थांबले. माया भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडं त्यांनी बघितलं, मीही बघितलं. आप्पा एडक्याला पाणी पाजायला घेऊन गेले.

घरी आल्यावर मी शिफाला फोन लावला. शिफा माझी मुलगी, सांगलीला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आम्ही घरच्या बोलीत बोललो, इथं मराठीत सांगते.

"अम्मी," ती म्हणाली, "माणूस भोंदू आहे, पण अर्धा धडा खरा वाचून आलाय. आईच्या पोटात असताना उपासमार झाली की बाळाचं शरीर धरून चालतं, की बाहेर दुष्काळ आहे. ते त्या बेतानंच घडतं. मिळेल ते साठवायचं, कमीत भागवायचं. पुढं दुष्काळ सरतो, पोटभर मिळायला लागतं, आणि तेव्हा साखर, ब्लडप्रेशर, हृदयाचा आजार यांचा धोका वाढतो."

"म्हणजे आप्पांची साखर खरंच बहात्तरची?"

"असू शकेल. एका माणसाबद्दल छातीठोक सांगता येत नाही. जीन काही बदलत नाहीत, अम्मी. तुमच्या ज्योतिबासारखं समज. पाइपलाइन तीच, पण कुठला व्हॉल्व किती उघडा ठेवायचा हे आईच्या खाण्यावरून, थोडंफार बापाच्या तब्येतीवरूनसुद्धा ठरतं. त्यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात. नातवंडांपर्यंत माणसात किती पोचतं, ते अजून आम्हालाही पक्कं ठाऊक नाही."

"आणि उपाशी राहून ते पुसता येतं?"

"उपाशी राहून ते होतं, अम्मी," शिफा म्हणाली. "पुसायचं कसलं? पोटातल्या बाळाला आज जेवढं नीट मिळेल तेवढी त्याची पुढची पन्नास वर्षं बरी जातील. डाळ, अंडी, भाजी, भाकरी, लोह, फॉलिक ॲसिड. आणि बापानं तंबाखू सोडायची."

"हे तर तुझी नानी पण सांगायची."

"नानी बरोबरच होती. तिच्याकडं फक्त पांढरा कोट नव्हता."

आता माझ्या हातात शास्त्र होतं, पण शास्त्रानं लाल अंगठा पुसला जात नव्हता. लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मी वहीत नावं लिहून बघितली, कुणाचा लाल, कुणाचा पिवळा. सरपंच लालासाहेबांचा लाल. त्यांच्या आजोबांचं तर बहात्तर सालीही पेव भरलेलं होतं, उलट तेच गावाला धान्य द्यायचे. आणि देवळापुढं बसणारा तात्याबा, ज्याच्या सात पिढ्यांनी पोटभर खाल्लं नाही, त्याचा पिवळा. दुष्काळ गरिबाला सोडून पाटलाच्या घरात कसा शिरला? दोन दिवस डोकं खाजवलं, काही सुचलं नाही.

सुचलं मोरीत. दुपारी जेवताना माझ्या पांढऱ्या गणवेशावर आमटी सांडली होती. डागावर साबण लावला आणि हळदीचा पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. हे मी आयुष्यात हजार वेळा बघितलंय. मराठी मुलखातल्या प्रत्येक बाईनं बघितलंय. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण आपण मोरीतलं ज्ञान मोरीतच ठेवतो, देवळापुढं न्यायचं आपल्याला सुचत नाही. मी साबणाचा हात तसाच ठेवून मोठ्यानं हसले. शेजारीण डोकावून गेली.

मग मी वही पुन्हा काढली. आप्पा, धनाजी, लालासाहेब, जुना ज्योतिबा: सगळे तंबाखूवाले. उजव्या अंगठ्यानं डाव्या तळहातावर चुना मळणारे. माया: नुकतीच पावडरीनं भांडी घासलेली. तात्याबाच्या खिशात तंबाखूला पैसे नसतात. मी तंबाखू खात नाही. उपकेंद्रातला जाड कागद हळद आणि स्पिरिटमध्ये बुडवून वाळवला. एका बोटाला चुना लावून दाबला, लाल. त्यावर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळा. पंचतीर्थ पिऊन ज्योतिबाचं तोंड का वाकडं झालं होतं, तेही कळलं.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबाला उपकेंद्रात बोलावून चहा दिला आणि सगळं दाखवलं. त्यानं कागद नाकाला लावून बघितला.

"म्हंजी सिस्टर, मी एक्केचाळीस दिस तंबाखू सोडली, ती चुन्यापायी?"

"तंबाखू सोडलीस ते फार चांगलं केलंस. त्या माणसाच्या हातून झालेलं तेवढंच एक पुण्य."

"आन् कोकरू दिलं त्येचं?"

"त्याचं पुण्य नाथाजींना."

ज्योतिबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या माणसानं अख्ख्या गावाच्या पाण्याला अडवलं, त्याला एका लिंबानं गंडवलं होतं.

पुढच्या मंगळवारी पुन्हा मांडव भरला. मायाचा उपास अठ्ठाविसाव्या दिवसावर आला होता. हरणाक्का तिला धरून घेऊन आल्या होत्या, आज चूर्णाचं दुसरं पुडकं घ्यायचं होतं. नाथाजींचं प्रवचन रंगात आलं तशी मी उठले.

"महाराज, एक शंका आहे. शुद्ध झालेलं बीज पुन्हा बिघडतं का?"

"कदापि नाही. सात पिढ्या निर्धास्त."

"मग ज्योतिबाची फेरतपासणी करा की. लोकांचा विश्वास वाढेल."

नाथाजी खूश झाले. ज्योतिबा पुढं गेला. जाता जाता त्यानं लालासाहेबांच्या हातातली डबी घेतली, बोटभर चुना काढला आणि रिकाम्या तळहातावर तंबाखू मळल्यासारखा सावकाश मळला. तंबाखू घेतलीच नाही. मग घंगाळाला वळसा घालून थेट सुवर्णपत्रावर अंगठा दाबला.

लालभडक.

"आरं गड्या," लालासाहेब म्हणाले, "सात पिढ्या सात पावलांत संपल्या की रं."

मी पिशवीतून लिंबू काढलं आणि त्याच ठशावर पिळलं. लाल रंग उतरला, कागद पिवळा झाला. "घ्या. एक्केचाळीस दिवसांची शुद्धी, एका लिंबात." मग माझे कागद वाटले. बायकांमधल्या एकीला मी साबणाचं पाणी आणायला सांगितलं. एकीनं बोट बुडवून दाबलं, दुसरीनं दाबलं, आणि तिसरी म्हणाली, "आगं बया, ही तर हळद. माज्या सासऱ्याच्या धोतराला दर सोमवारी हीच पीडा." मांडवात हशा पिकला. टँकरचा ड्रायव्हरसुद्धा अंगठा लाल करून दाखवत फिरू लागला.

नाथाजींनी माइक घट्ट धरला. "हे षड्यंत्र आहे. या बाईंचा धर्म वेगळा. यांना आपल्या देवाचं, आपल्या बीजाचं काय पडलंय?"

हशा थांबला. एकोणीस वर्षांत हे वाक्य मला या गावात कुणी ऐकवलं नव्हतं.

बोलल्या त्या हरणाक्का. त्या बसल्या जागेवरून उठल्या. "ये कोटवाल्या, माझा धनाजी आठ वर्साचा हुता तवा त्येच्या अंगात ताप शिरला. त्येच्या उशाशी कोण बसलं हुतं इचार. हीच बाई. ही नवीन आली तवापास्नं आमच्या आळीची एक बाळंतीण गेली न्हाई. तू धर्म आमाला शिकवू नगंस. तू मला एवढंच सांग, कागदाला हळद लावली हुती का न्हाई?"

"माताजी, हळद हे एक पवित्र माध्यम..."

"लावली हुती म्हंजी," हरणाक्का म्हणाल्या आणि मायाकडं वळल्या. त्यांचं तोंड एकदम लहान झालं. अठ्ठावीस दिवस त्यांनी स्वतःच्या हातानं त्या पोरीपुढून ताट उचललं होतं.

मी म्हटलं, "आक्का, चूक तुमची नाही. भीतीची आहे. या माणसानं खरी गोष्ट सांगून खोटं औषध विकलं. आई उपाशी राहिली तर त्याची खूण बाळाच्या अंगात राहते, हे खरं आहे. आप्पांच्या आईला तेव्हा अन्न मिळालं नाही, तिचा इलाज नव्हता. आज आपल्या घरात जवारी आहे, डाळ आहे, कोंबड्या आहेत. तरी..."

पुढचं मला बोलावं लागलं नाही. सिद्धूआप्पा उभे राहिले होते. आप्पा चार माणसांत कधी बोलत नाहीत, मेंढरांशी बोलून त्यांचं भागतं.

"सिस्टरनं मला इचारलं हुतं," ते म्हणाले, "गाभण मेंढीला लंघन घातलं तर काय हुतंय. मी हासलो. घरात काय चाललंय ते दिसत हुतं, पर हासलो. एडक्याला मका घालतोय आन् सुनंला राख चाटवतोय." त्यांनी चुन्याची डबी कमरेतून काढली आणि खाली टाकली. "बहात्तरचा दुष्काळ पावसानं आणला हुता. हिच्या पोटातला आमी आणला."

माया रडायला लागली. गर्दीतल्या कुणीतरी फडक्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली, कुणी उकडलेलं अंडं आणलं. ती भाकरीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.

"खाऊ का सिस्टर? ह्येला काय हुणार न्हाई?"

"याला खूप काही होणार आहे. वजन वाढणार आहे, रक्त वाढणार आहे. हळूहळू खा, पाणी पी."

हरणाक्कांनी पहिला घास मोडून तिला भरवला. सगळं गाव एका बाईचं जेवण बघत उभं होतं. मी अनेक चमत्कार ऐकलेत, पण बघितलेला हा एकच.

या गडबडीत नाथाजी घंगाळ उचलून गाडीकडं निघाले होते. गाडी निघाली नाही, कारण वाटेत टँकर आडवा होता आणि ड्रायव्हरचं भाकरीकडं लक्ष होतं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. चूर्ण तपासायला गेलं. राख, ज्येष्ठमध आणि कापूर निघाला. कोकरं मात्र कुणाला परत मिळाली नाहीत.

हे वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. कुणी शास्त्राचे मोठे शब्द वापरून काही विकायला आलं तर घाबरू नका, विचारा. कागदाला काय लावलंय? बाटलीत काय आहे? आम्हाला करून बघू द्याल का? खरं शास्त्र करून बघायला देतं, ते चिडत नाही. आणि तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील, किंवा जाणार असतील, तर तिला आधी वाढा. घरात सगळ्यांचं उरेल ते शेवटी सुनेनं खायचं, ही आपली जुनी रीत आहे. नातवंडांच्या साखरेची सुरुवात भाकरीच्या त्या रिकाम्या टोपल्यात होते. तिच्या नवऱ्यालाही सांगा, तंबाखू सोड आणि नीट जेव. एवढी अक्कल आपण मेंढरांच्या बाबतीत पिढ्यान् पिढ्या वापरत आलोय.

मायाला मुलगी झाली, उपकेंद्रातच. माझ्या झोळीच्या काट्यावर पावणेतीन किलो. मी दोनदा मोजलं, कारण मला नीट दिसत नव्हतं. नाव शिवांजली ठेवलं.

बारशाच्या दिवशी मी वस्तीवर गेले तर हरणाक्का मोरीत दुपटं धूत होत्या. त्याला हळदीचा हात लागला होता कुणाचा तरी. साबण लावला आणि दुपटं लालभडक. आक्कांनी ते दोन्ही हातांनी उचलून अंगणात धरलं.

"आवं, बघा की," त्यांनी आप्पांना हाक मारली, "तुमच्या नातीचा दोष निघाला."

आप्पा मेंढ्यांना शेंगा घालत होते. ते वळूनही न बघता म्हणाले, "लिंबू नगं वाया घालवू. सुनंच्या डाळीत पीळ."